यांगोनाची जुडी

फिजीतल्या सुवाचा बसस्टँड, नौसोरीच्या बसची रांग. माझ्यापुढे एक मुलगी. कागदात गुंडाळलेली यांगोनाची जुडी छातीशी धरलेली. ही मुळं इथे कुटून पितात, आणि मोठ्यांची परवानगी मागताना आधी पुढे करतात. तिच्यापुढे तिचा बॉस. ती त्याला मामाच म्हणत होती.

"ऑफिसात तुम्ही दार लावून बसता मामा, म्हणून इथे गाठलं."

"मीटिंग होती."

"कुणाशी? तुम्ही आणि मी, दोघंच तर उरलोय."

"तेच ना. कोडिंग मी शिकवायचं, आणि पोरं उडणार मेलबर्नला."

"जुडी घ्या ना."

"घेतली की जा म्हटल्यासारखं होतं, लेबा."

"म्हणूनच आणलीय."

"नाही घेतली तर राहशील?"

"नाही. सिडनीची नोकरी पक्की झालीय. शनिवारी विमान आहे."

"मग मला विचारतेस कशाला?"

"आपल्या ऑफिसातला इनोके जुडी न देता, न विचारता गेला. आता ख्रिसमसला येतो, तर तुमच्या घरावरून जात नाही. मागच्या रस्त्याने वळसा घालतो. मला तसं नाही यायचं, मामा. मला तुमच्या घरी यायचंय."

"वळसा घालतो?"

"दरवर्षी."

बस आली. रांग सरकली. तो सरकला नाही, म्हणून आम्हीही नाही. त्याने बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी जुडी घेतली.

"शुक्रवारी ही कुटू, सगळे मिळून पिऊ. तुझ्या आईलाही आण."

"हो मामा."

"आणि त्या गाढवाला फोन कर. म्हणावं, रिकाम्या हाताने आलास तरी चालेल."