नवलकाकांचा उजवा हात

चारुलता : भांडायला नाही आले, नवलकाका. अख्ख्या नंदुरबारमध्ये आईची रेशमी साडी मी तुमच्याशिवाय कोणाच्या इस्त्रीखाली देत नाही. ती करपलीच कशी, एवढंच सांगा.

नवल : इस्तरीमा कोयसा जास्ती पडनात, मॅडम. चूक मन्हीच शे.

चारुलता : तुळशीकाकू दिसत नाहीत टपरीवर.

नवल : धानोराले गयी. पोरगीना बाळंतपनले.

चारुलता : कधी?

नवल : रविवारले.

चारुलता : आणि साडी मी सोमवारी दिली.

नवल : शाळामा पोरेसले बी तुम्ही आसंच पकडतस का?

चारुलता : मघापासून तुम्ही कपडे डाव्या हातानंच चाचपताय. डोळे मिटा. डाव्या हातानं सांगा, हा कपडा कसला?

नवल : सुती. खळ दियेल शे.

चारुलता : आता उजव्या हातानं.

नवल : तोच ना. सुती.

चारुलता : मी मधे बदलला, काका. ही नायलॉनची ओढणी आहे.

(नवल डोळे उघडून ओढणी खाली ठेवतो.)

नवल : मले शुगर शे. डोयाले बी धूसर दिखस. पोयाना सनपासून ह्या उजवा हातना बोटेसले कपडा समजत नही. सुती, रेशीम, टेरिकॉट, बठ्ठं सारखंच. तुळशी रोज ढीग वेगळा करी देस. जोरना ताव ऱ्हास तव्हय सुती, कोयसा उतरनात का मंग रेशीम, नायलॉन. तिन्हा हातवर मन्हं दुकान चालस.

चारुलता : तुमच्या मुलाला, भाग्येशला, माहीत आहे?

नवल : त्याले सांगं तर तो आजच टपरी बंद करी. मंग मी काय घर बसीसन भिंती देखू? तीस वरीस हाईच करं मी. दुसरं काही येतच नही मले.

चारुलता : पण उद्या हातच भाजला तर?

नवल : नही, मॅडम. कपडा समजत नही, पन चटका बराबर समजस. तो बी समजना नही तर मी सोताच बंद करी देसू. भाग्येशले सांगाले लावसू नही.

चारुलता : बरं. मग काकू येईपर्यंत कपडे देताना मी एकेकाचं नाव सांगत जाईन. चालेल?

नवल : चालीन. दुसरा लोकेसनं मी डावा हातवर निभाडी लिसू.

चारुलता : धरा. ही सुती. हा टेरिकॉट. ही...

नवल : थांबनात का?

चारुलता : काका, तुमचा तळहात भाजलाय. केवढा फोड आलाय.

नवल : कोनता हातले?