पेरूच्या झाडावरचा फोन

(मिंडानाव. दलदलीकाठचं मोरो गाव. सकाळचे दहा.)

गियामाल – झाडावरून फोन कुणी काढला?

नोराइदा – मी. पहाटे पाऊस आला ना. फोन ठेवतो त्या बाटलीत पाणी शिरेल म्हणून घरात आणून ठेवला. का हो?

गियामाल – हळू बोल. घरात रेंज येते का?

नोराइदा – कुठली येतेय! म्हणून तर पेरूला टांगतो. झालंय काय?

गियामाल – आत्ता अंगणात नेला, तर मेसेज आला. लष्कराच्या कॅप्टनचा, पहाटे साडेपाचचा. 'फरारी चोराला धरायला नदीपलीकडे तुमच्या हद्दीत शिरतोय. तुमची माणसं बाजूला घ्या.'

नोराइदा – या अल्ला! आणि सालिक तर गावभर सांगत सुटलाय, न कळवता शिरले, दगा केला म्हणून.

गियामाल – आपल्या पोरांनाही तेच वाटलं. त्यांनी गोळ्या झाडल्या. लष्कराचे चार गेले, आपले तीन.

नोराइदा – त्यात माझा भाचा. सालिकचा तायान.

गियामाल – दुपारच्या नमाजनंतर मशिदीत ठरणार. सरकारशी केलेला तह मोडायचा आणि पुन्हा लढायला जंगलात जायचं, असं सगळे म्हणतायत.

नोराइदा – मेसेज पुसून टाका.

गियामाल – अगं...

नोराइदा – पुसा म्हणते ना! सालिक माझा सख्खा भाऊ आहे, मला ठाऊक आहे कसा आहे ते. कळलं तर तुम्हाला जागच्या जागी उडवेल. मला भीती वाटतेय हो.

गियामाल – मला काय कमी वाटतेय? बावीस वर्षं जंगलात काढली, एवढा कधी घाबरलो नव्हतो. पण पुसला तर उद्या तोफगोळे याच घरावर पडतील. सरकारला बंदूक देऊन मिळालेल्या पैशांतून रेडा आणला, तो घेऊन कुठे पळू? आणि नातीला कुठे नेऊ?

नोराइदा – मग काय सांगणार तिथे?

गियामाल – फोन मी काढला. लष्कराचा निरोप घ्यायचं काम माझं, तेव्हा चूकही माझी.

नोराइदा – शहाणेच आहात! फोन मी काढलाय.

गियामाल – तुझं नाव यात येणार नाही.

नोराइदा – ती ओढणी द्या इकडे, मशिदीत मीही येतेय. सालिकला मी कडेवर घेऊन वाढवलंय. मला बघून तो आधी रडेल, मग बंदूक शोधेल.

गियामाल – आणि नाही रडला तर?

नोराइदा – तर तुम्ही माझ्याकडे बघू नका. मेसेज वाचत राहा, मोठ्याने.