बायजाबाईंचा नंबर

मी, हर्षला देवेश ठोंबरे, वय ३१ वर्षे, धंदा खासगी नोकरी, राहणार नेरळ, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी कर्जतच्या एका पर्यावरण संस्थेत काम करते. कुंभिवली गावाच्या मागच्या ओढ्यात टँकरमधून रसायनाचे पाणी सोडले जाते. ते बंद व्हावे म्हणून आमची संस्था, खालापूरकडचा महिला बचत गटांचा संघ आणि मुंबईची एक गिर्यारोहण संस्था, अशा तिघांनी मिळून ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. तिचे काम मी पाहते. टँकर कोणाचे ते मला माहीत नाही.

सहीला नावासोबत मोबाइल नंबर लागतो. ओढ्याकाठच्या वाडीत बऱ्याच बायकांकडे स्वतःचा फोन नाही. हायवेला चहाची टपरी चालवणाऱ्या बायजाबाईंचाच नंबर त्या सगळीकडे देतात. गॅसला, दवाखान्याला, पोरांच्या शाळेला. तोच इथेही दिला. बायजाबाई म्हणाल्या, "लिव गं. निरोप आला तर सांगंन मी." मलाही त्यात वावगे वाटले नाही.

मुंबईच्या संस्थेने एका नंबरावर चाळीसेक सह्या पाहिल्या. त्यांना वाटले, या बाईने एकटीने अख्खी वाडी सह्यांसाठी उभी केली. कौतुकाच्या भरात त्यांनी बायजाबाईंचा टपरीवरचा फोटो फेसबुकवर टाकला. खाली 'ओढ्याची वाघीण' आणि संपर्कासाठी त्यांचा नंबर. मला विचारले नाही. बायजाबाईंना तर वाघीण झाल्याचे दुसऱ्यांकडून कळले.

गेल्या सोमवारी सकाळी मी टपरीवर असताना दोन अनोळखी माणसे मोटारसायकलवरून आली. चहा प्याली, पैसे दिले. मग एकाने तपकिरी पाण्याची बाटली काउंटरवर ठेवली. "वाघीण तूच का गं? ओढ्याचं पानी हाय. पिऊन दाखव." बायजाबाई म्हणाल्या, "मी कोन नाय रं दादा. माझा निस्ता नंबर हाय." ते हसले आणि गेले. गाडीला नंबरप्लेट नव्हती. बाटली हजर केली आहे.

मी मुंबईच्या संस्थेतल्या विनिता मॅडमना पोस्ट काढायला सांगितले. त्या म्हणाल्या, "आत्ता कुठे सह्या वाढतायत, दोन दिवस थांब ना." मी भांडले तेव्हा काढली. तोवर ती गावभर झाली होती. तेव्हापासून बायजाबाईंना फोन येतात. पलीकडून कोणी बोलत नाही. गॅसवाल्याचा असेल म्हणून त्या प्रत्येक वेळी उचलतात.

आजचा जबाब त्याच देणार होत्या. इथे बाकावर बसलो असताना फोन वाजला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. या वेळी पुरुषाचा आवाज होता. "पोचली का ठान्यात? चहा दिला का तिथं, का तूच पाजतेस?" मी फाटकाकडे पाहिले. रिक्षा, माणसे, नेहमीचेच सगळे. त्यांतला कोण, ते सांगता येणार नाही. बायजाबाईंनी फोन बंद करून पदरात गुंडाळला. "तू दे गं जबाब. मला नाय जमायचं," म्हणाल्या. त्या अजून बाकावरच आहेत. एकट्या बाहेर पडायला तयार नाहीत.

मला भीती वाटते, हेही लिहून घ्यावे. मलाही इथून नेरळला एकटीनेच जायचे आहे.

वरील मजकूर बायजाबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. दुरुस्ती एकच. संपर्काच्या रकान्यात मी सह्या भरतानाच्या सवयीने बायजाबाईंचा नंबर सांगितला होता. तो माझ्यासमोर खोडून तिथे माझा लिहिला आहे.