मूक केलेले नाव

महेश्वरशास्त्री: ...आणि येथे केराबाई क्षणभर थांबतात, मग ते नाव घेतात. तो विरामही मी मुलाखत ऐकून केलेल्या लेखनात दाखवला आहे. पुढचे पान वाचू ना, उत्कर्षा?

उत्कर्षा: थांबा, गुरुजी. नाव घेतात म्हणजे? कुणाचं?

महेश्वरशास्त्री: ज्याने त्यांच्या भावाला, जालिंदरला, खाणीत ढकलले त्याचे. दुष्काळी कामावरचा मुकादम. आडनावासह आहे.

उत्कर्षा: पण ते तुम्हाला ऐकू कसं आलं? मी ते म्यूट केलं होतं! केराआज्जी त्या एकाच अटीवर बोलल्या माझ्याशी. तो माणूस जिवंत आहे, गुरुजी. त्याच गावात आहे.

महेश्वरशास्त्री: मला तर अत्यंत स्वच्छ ऐकू आले.

उत्कर्षा: तुम्ही फाईल कोणती उघडलीत?

महेश्वरशास्त्री: तू संपादित केलेली माझ्या संगणकाने उघडलीच नाही. हा प्रकार ओळखीचा नाही, एवढेच तो पुनःपुन्हा सांगत राहिला. मी त्याची पुष्कळ आर्जवे केली. शेवटी त्याच फोल्डरमध्ये दुसरी एक दिसली, ती पहिल्याच टिचकीला बोलू लागली.

उत्कर्षा: ती रॉ फाईल. अरे देवा. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट वेगळं सेव्ह होतं, गुरुजी. खाली मूळ आवाज तसाच राहतो. तुमच्या कंप्युटरवर ते सॉफ्टवेअरच नाही, मग माझं म्यूट त्याला दिसणार कुठून? घाईत अख्खं फोल्डर दिलं मी तुम्हाला.

महेश्वरशास्त्री: म्हणजे तू जे झाकले होतेस, ते माझ्याकडे उघडेच होते.

उत्कर्षा: असू दे. तुमच्या घरातच आहे ना? आत्ता बसून काढून टाकू. अजून कुणाकडे गेलेलं नाही ना, गुरुजी?

महेश्वरशास्त्री: सकाळी केराबाईंच्या गावचा यशपाल येऊन गेला.

उत्कर्षा: त्याच्यासाठी मी वेगळा पेनड्राइव्ह ठेवला होता. कपाटावर. त्यात नाव काढून, कुठंही वाजेल अशी साधी फाईल भरली होती. तोच दिलात ना?

महेश्वरशास्त्री: तोच दिला. परंतु देण्यापूर्वी लावून पाहिला. मध्येच आवाज नाहीसा होत होता. वाक्ये अर्धवट राहत होती. मला वाटले, ध्वनिमुद्रण बिघडले. अगं, एक अक्षर गळले तर आरंभापासून पुन्हा म्हणायला लावीत, अशा पाठशाळेत मी वाढलो. त्या माउलीचे शब्द गळलेले मला सोसवेनात. म्हणून मी त्यात अखंड प्रत भरली.

उत्कर्षा: आज दुपारी विहारात ऐकवणार आहेत ते! सगळ्यांसमोर!

महेश्वरशास्त्री: ज्याचे बोलणे त्याला ऐकवल्याखेरीज प्रबंधात घ्यायचे नाही, हा तुझाच नियम.

उत्कर्षा: माझाच. आणि विहाराचा भोंगा मुकादमाच्या आळीकडे तोंड करून आहे.

महेश्वरशास्त्री: यशपालला फोन लाव. आधी लाव.

उत्कर्षा: लावतेय. रिंग जातेय नुसती.

महेश्वरशास्त्री: मग केराबाईंना लाव. त्या तेथेच असतील.

(फोन लागतो. उत्कर्षा स्पीकर चालू करून तो मेजावर ठेवते.)

केराबाई: कोन? उत्कर्षा व्हय? कुटं हायस गं? समदी येऊन बसल्यात हितं.

उत्कर्षा: आज्जी, लावलं का ते? वाजलं?

केराबाई: कशाचं वाजतंय! त्यो डबा निस्ता लाल दिवा दावतोय. ह्येला तसली फाईल चालत न्हाय, म्हनला येशपाल. शेजारची नागू म्हनली, केरा बोलनार म्हनल्यावर पेटीची बी वाचा बसली. लई हसल्या बाया.

महेश्वरशास्त्री: भगवंता, तारलेस.

उत्कर्षा: आज्जी, नीट ऐका. तो पेनड्राइव्ह तुमच्याजवळ घ्या. कुणाच्या हातात देऊ नका. त्यात नाव राहिलंय.

केराबाई: कुनाचं?

उत्कर्षा: मुकादमाचं.

केराबाई: ...पुसलं म्हनली हुतीस तू.

उत्कर्षा: पुसलं होतं, आज्जी. परत आलं.

महेश्वरशास्त्री: बाई, ते माझ्या हातून झाले.

केराबाई: पर ती काडी माज्यापाशी न्हाय की. येशपाल घेऊन गेला. फाईल बदलून आनतो म्हनला.

उत्कर्षा: कुठं गेला?

केराबाई: गावात दुसरा कंप्युटर कुटं हाय, बाई? अजिंक्यच्या दुकानात गेला. मुकादमाच्या नातवाच्या.

उत्कर्षा: बदलून झाल्यावर तो लावून बघेल...

केराबाई: म्हातारा तितंच असतोय. दारात खुर्ची टाकून.

उत्कर्षा: आम्ही निघतो. गाडी काढते मी.

केराबाई: सोलापुरास्नं येस्तवर काय ऱ्हानार हाय?

महेश्वरशास्त्री: बाई, आपण घरी जावे. दार लावून घ्यावे. आम्ही पोहोचतोच.

केराबाई: दार लावूनच पन्नास वर्सं काढली की, गुरुजी. नागू, ऊठ. चल माज्यासंगं. कुटं म्हनून इचारू नगस. उत्कर्षा, फोन बंद करू नगस. हातातच धरते मी.

उत्कर्षा: आज्जी, नका जाऊ! आज्जी?

महेश्वरशास्त्री: काय ऐकू येते? इतके बारीक आवाज मला कळत नाहीत.

उत्कर्षा: चपला. दोघींच्या.

महेश्वरशास्त्री: चालू दे. चालू दे. सोबत आहे.

उत्कर्षा: आता एकीच्याच.

महेश्वरशास्त्री: नागूबाई?

उत्कर्षा: मागं राहिल्या असतील. गुरुजी... दुसरा एक आवाज येतोय. लांबून. बाईचा.

महेश्वरशास्त्री: कोणाचा?

उत्कर्षा: आज्जींचाच. मुलाखत लागलीय दुकानात.

महेश्वरशास्त्री: काय म्हणत आहेत? कोठपर्यंत आले?

उत्कर्षा: खडी फोडायला पहिल्यांदा गेल्या, ते सांगतायत. पहाटे भाकरी बांधून.

महेश्वरशास्त्री: ते पहिले पान. नाव त्याच्या पुढच्याच पानावर आहे. बाई, लवकर चला... अगं, त्यांना ऐकू जाते का आपले?

उत्कर्षा: माहीत नाही. हळू बोला. थांबल्या त्या. पोचल्या. नाव अजून आलं नाही.

केराबाई: रामराम, मुकादम. बसा, बसा, उठू नका. ए अजिंक्य, बंद कर बाळ ते. माजा आवाज तुमच्याकडं आलाय. तेवढा न्यायला आले.