पुलाजवळची शाळा की टेकडीवरची?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी नंबर लागायची वाट बघत होत्या. एकीचा गाल सुजलेला, दुसरीच्या मांडीवर हेल्मेट. सुजलेल्या गालानंच सुरुवात केली.

"मुलगी आठवीत जाईल आता. पुलाजवळच्या सरकारी शाळेत घालावं म्हणते."

"तिथं? शत्रूच्या पोरांनाही घालू नये, ताई."

"अहो, निकाल शंभर टक्के लागतो ना त्या शाळेचा?"

"न लागून सांगतो कुणाला! पोरगं कच्चं दिसलं की आईबापांना बोलावून सांगतात, टेकडीवरच्या शाळेची हवा चांगली आहे."

"तरीच आमच्या टेकडीवर इतकी गर्दी. पण पुलाजवळ प्रयोगशाळा आहे म्हणे?"

"आहे ना! लखलखीत. एक बरणी फुटलेली नाही आजवर."

"बघा, किती शिस्त!"

"शिस्त कसली डोंबलाची? कायम कुलूप असतं. साहेब तपासणीला आले तरच उघडतात."

"तुम्हाला बरंच आतलं ठाऊक दिसतंय."

"असणारच. विज्ञान मीच शिकवते तिथं. किल्ली या पर्समध्ये आहे."

"अगंबाई! मग तुमची मुलं कुठं शिकतात?"

"मुलगा टेकडीवरच्या शाळेत. तिथल्या गणिताच्या बाई फार शांत आहेत हो. वर्षभरात एकदा म्हणून ओरडल्या नाहीत पोरांवर."

"ओरडायला वर्गात जावं लागतं."

"म्हणजे? तुम्ही ओळखता त्यांना?"

"रोज आरशात दिसतात. म्हणून तर मुलीला पुलाजवळ घालत होते."