पुरुषोत्तमच्या डब्यातली एक्क्याऐंशी मतं

पोलीस ठाणे, वेलिंग्टन. बुधवार, १३ नोव्हेंबर २०२४, दुपारी २.१०. दुभाषी: मुग्धा.

नाव: शकुंतला पुरुषोत्तम ढमढेरे. वय: ७१. शिक्षण: सातवी, गावच्या शाळेत. धंदा: काही नाही. मुलगा म्हणतो आराम, सून म्हणते लुडबुड. राहणार: मुलगा सुशील याच्याकडे, जॉन्सनव्हिल.

मी स्वतः हजर राहून, कुणी न बोलावता, सांगते की:

शनिवारी ९ तारखेला जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती, आणि त्यातच अध्यक्षाची निवडणूक. उभे दोघंच. एक जगदीशराव, सहा वर्षं तेच अध्यक्ष. दुसरी श्यामला, फार्मासिस्ट आहे, तोंडाने फटकळ. भाषणात ती म्हणाली, "गेल्या वर्षी पुरणपोळ्या कमी पडल्या नव्हत्या, कमिटीच्या डिकीत गेल्या होत्या." अर्धा हॉल हसला. डिकीवाला अर्धा गप्प. माझ्या शेजारची संपदा म्हणाली, "बोलते खरं, पण असं बोलून कुणी निवडून येतं का?" मी म्हटलं, "तू गप्प बसून कुठे निवडून आलीस?"

मतांसाठी आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर कुणीतरी मठ्ठा सांडला. तेव्हा निवडणूक बघणारा धैर्यशील किचनमध्ये आला. "काकू, तुमचा चिवड्याचा डबा रिकामा झाला का?" डबा स्टीलचा, माझ्या लग्नातला, त्यावर आमच्या ह्यांचं नाव घातलेलं. मी पुसून दिला. त्याने तोंडावर जाड कागद लावून फट पाडली. सगळ्यांची मतं टाकून झाल्यावर फटीवर पट्टी चिकटवली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. जगदीशरावांनी स्वतः माइकवर नियम वाचला: पट्टी उघडलेली निघाली तर मतं बाद, पुन्हा मतदान. मोजणी मुलांच्या नाटुकल्यानंतर होती.

साडेचारला सुशील बाहेरून हॉर्न मारायला लागला. सगळे नाटुकलं बघत होते. माझा चष्मा पर्समध्ये. टेबलावर ह्यांचं नाव हाताला लागलं, मी वर झाकण बसवलं, डबा पिशवीत घातला आणि निघाले. हे जाऊन चौदा महिने झाले. त्यांच्या नावाचं भांडं मी कुठे मागे ठेवत नाही. त्याबद्दल आणखी काही लिहू नये.

रविवारी सकाळी साबुदाणा भरायला झाकण काढलं, कागद ओढला, तर आत चिठ्ठ्या! अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, मजाही वाटली. तीनदा मोजल्या. जगदीशराव ४१, श्यामला ४०. मग कागद लावून पट्टी सहीला सही जुळवून परत चिकटवली. अशी, की आत्ता इथे साहेबांनाही कळलं नाही.

मी लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एक तर डबा हरवल्याचे फोन फार रंगत होते. सतरा जणांनी शपथेवर सांगितलं, "काकू, मी तर श्यामलालाच दिलं." त्यातले पाच जगदीशरावांच्या घरचे. दुसरं म्हणजे, डबा सापडेपर्यंत श्यामला हरलेली नव्हती.

हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, देवाची मर्जी. श्यामला एकटी म्हणाली, "काकू, छातीत दुखत होतं तर तीन दिवस घरी का ठेवलंत?" लोक तिच्यावर चिडले. मी नाही चिडले.

मंगळवारी कुणीतरी पोलिसांत तक्रार दिली की हरण्याच्या भीतीने डबा श्यामलाने पळवला. तुमचा माणूस तिच्या फार्मसीत गेला, गिऱ्हाइकांसमोर. आज सकाळी ती माझ्या दारात उभी.

"काकू, डबा तुमच्याकडे आहे?"

"आहे. चहा घेतेस?"

"मला चोर ठरवलंय लोकांनी! फार्मसीचं लायसन जाईल माझं, आणि तुम्ही चहा विचारताय?"

"आलं घालू?"

ती हसली. मग रडली. मग म्हणाली, "मोजलीत?" मी नाही म्हटलं. ते खोटं तिच्याशी बोलले, इथे बोलत नाही.

"नाहीतरी पडलेच असेन," ती म्हणाली. "माझं मत मी जगदीशरावांना दिलंय."

"काय? का गं?"

"पेन हातात घेतलं आणि लाज वाटली, काकू. स्वतःलाच काय मत द्यायचं?"

आख्ख्या वेलिंग्टनला सुनावणारी बाई एका चौकटीपुढे लाजली! तेवढी एक फुली स्वतःपुढे मारली असती तर ती ४१, जगदीशराव ४०. जिंकली होती हो ती!

इकडे यायला ती गाडी काढायला गेली तेव्हा मी नातीचं, ईशाचं, पेन घेतलं. एकच चिठ्ठी बदलायची. टोपण काढलं. शाई जांभळी. परत लावलं. निळं मिळालं असतं. पण श्यामलाला कळलं असतं तर तिनेच माइकवरून सांगितलं असतं.

म्हणून मी इथे कबूल करते की पट्टी मी उघडली आणि मी चिकटवली. साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं नसतं. का सांगितलंत?" मी म्हटलं, "पोलिसांशी खोटं कसं बोलू?" मग मला जे हसू आलं, ते आवरेना. साहेब मुग्धाकडे बघायला लागले. पट्टी उघडली, म्हणजे मतं बाद. पुन्हा मतदान. नियम जगदीशरावांचाच आहे.

श्यामलाने डब्याला हात लावलेला नाही, हे ठळक लिहावं. ती बाहेर बाकावर बसली आहे. आकडा तिला सांगू नये, नाहीतर खट्टू होऊन परत उभी राहायची नाही. माझं जे करायचं ते करा, कोठडीत चहा मिळतो का तेवढं सांगा. डबा पुरावा म्हणून ठेवून घेतलात, त्याला चरा पाडू नका. पुढच्या मतदानाला लागेल. तोपर्यंत मी तिला कागदावर रोज दहा फुल्या मारायला लावणार आहे, स्वतःच्या नावापुढे.

हा जबाब मुग्धाने मला मराठीत वाचून दाखवला. दोन ठिकाणी तीही हसली, ते यात लिहिलेलं नाही. बाकी सगळं माझ्या तोंडचं आहे आणि खरं आहे.

सही: शकुंतला पुरुषोत्तम ढमढेरे