लाल चिंधीचा भोपळा

“दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं, तरी मनात साठवू नये,” असं तिच्या सासूबाई सांगायच्या. हाडांच्या दवाखान्यात ती मनातल्या मनात नामस्मरण करत बसली होती. पण शेजारी प्लास्टरमधला पाय लांब करून बसलेल्या बाई आणि त्यांचे दीर नाम काही पुढे सरकू देईनात.

“सार्वजनिक बागेतला माझा वाफा जिवंत आहे ना, भावजी?”

“तुमचा पाय मोडल्यापासून रोज पाणी घातलंय, वहिनी!”

“नाकाला रुमाल लावून ना? आल्या बातम्या माझ्यापर्यंत.”

“खताला वास येतो हो! पण काल बागेत केलेल्या सूपमध्ये सगळ्यांनी तुमचाच भोपळा वाखाणला. मुद्दाम चिंधीवाला निवडला मी.”

“लाल चिंधी?”

“हो. म्हटलं, पिकलेल्याला बांधत असतील.”

“अहो, बियाण्याला राखलेल्याला बांधतात!”

“मग बी विकत आणू की.”

“माझ्या आईच्या हातचं बी ते. ती गेल्यापासून दर हंगामाला एक भोपळा राखत आले. आता घरात एकही बी नाही.”

“…बिया खताच्या ढिगावर टाकल्यात. आणतो शोधून.”

“तुम्ही? त्या ढिगात हात घालणार? आधी रुमालाला विचारा!”

“शब्द दिला, वहिनी.”

आतून हाक आली. बाई हसत हसत कुबडीवर आत गेल्या. दीर उठले, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि दाराकडे वळले.

“अहो, तुमचा रुमाल राहिला,” ती म्हणाली.

“राहू द्या, ताई. वहिनी बाहेर आल्या की त्यांच्याकडे द्या,” असं हळूच सांगून ते बागेच्या रस्त्याला लागले.